‘सिस्टर, मिटवून टाका ना’

मागच्या महिन्यात रात्रपाळीवर लिहिताना दवाखान्यातल्या माणसांना नातेवाइकांकडून होणाऱ्या मारहाणीचा उल्लेख एका वाक्यात करून मी पुढे गेले होते. आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त त्या एका वाक्यावर आहेत. म्हणून या वेळचं सदर त्याच विषयाला देते आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी नागपुरात ३४ वर्षं सरकारी दवाखान्यात नोकरी केली. अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स म्हणून लागले, परिसेविका म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. कायद्याचा भाग ओळखीच्या एका वकीलबाईंना दाखवून घेतला आहे. पत्रं लिहिणाऱ्यांची आणि दवाखान्यांची नावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : सिस्टर, मी २४ वर्षांची आहे. घर हिंगणघाटकडे, इथे मानेवाड्यात मैत्रिणीसोबत खोली करून राहते. रामदासपेठेतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत काम करते. बारा दिवसांपूर्वी रात्री एक आजोबा गेले. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्या पेशंटपाशी होते. नातेवाइकांनी मला विचारलं, मी ‘डॉक्टर येऊन सांगतील’ म्हणाले, तेवढ्यात त्यांच्यातल्या एकानं माझ्या कानाखाली मारली. कानातलं ओढलं गेलं, कानाची पाळी फाटली, दोन टाके पडले. सकाळी मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं, ‘पार्टी ओळखीची आहे, त्यांचं माणूस गेलंय, तुम्ही पण समजून घ्या, मिटवून टाका.’ तीन दिवस सुट्टी दिली. बाबा म्हणतात, नोकरी सोड. आता तक्रार करता येते का? केली तर नोकरी जाईल का? आणि माझंच काही चुकलं का, या विचारानं रात्री झोप लागत नाही.

उत्तर : बाळा, शेवटचा प्रश्न आधी घेते. तुझं चुकलं नाही. मृत्यू जाहीर करणं हे डॉक्टरचं काम, सिस्टरनं ते सांगायचं नसतं. तू जे शिकलीस तेच केलंस. पण ‘डॉक्टर येऊन सांगतील’ हे वाक्य ऐकलं की दारात उभ्या असलेल्या माणसाला काय ते कळतं. डॉक्टर खाली येईपर्यंतची दहा मिनिटं तो ते एकटाच घेऊन उभा असतो, आणि त्या दहा मिनिटांत त्याच्यासमोर तू असतेस. उपचार काय करायचे हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या अंगावर सहसा कुणी जात नाही. मार बसतो तो जवळ उभ्या असलेल्याला. सिस्टर, इंटर्न, वॉर्डबॉय, मावशी, गेटवरचा गार्ड. इतक्या वर्षांत मी हेच बघत आले.

तक्रार करता येते. बारा दिवस झाले म्हणून पोलीस नाही म्हणू शकत नाहीत. उशीर का झाला ते एका ओळीत खरं खरं लिहायचं: व्यवस्थापनाने मिटवून घेण्यास सांगितले. महाराष्ट्रात यासाठी २०१० पासून वेगळा कायदा आहे. नाव लांबलचक आहे, त्यामुळे चिठ्ठीवर लिहून ने: वैद्यकीय सेवा व्यक्ती व वैद्यकीय सेवा संस्था यांच्यावरील हिंसाचाराला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २०१० चा अधिनियम. डॉक्टर, सिस्टर, शिकणारी मुलं, निमवैद्यकीय कर्मचारी सगळे त्यात येतात, आणि खासगी दवाखानेही येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. चिठ्ठी ने म्हणते याला कारण आहे. हा कायदा माहीत नसलेले ठाणे अंमलदार मी पाहिले आहेत. ते किरकोळ मारहाण म्हणून अदखलपात्र नोंद घेतात, एनसीचा कागद हातात देतात, आणि पोरगी रडत घरी जाते. एनसी घेऊन परत येऊ नकोस. एफआयआरच मागायचा, त्याची प्रत फुकट मिळते. नाहीच घेतला तर तीच तक्रार टपालानं पोलीस उपायुक्तांना पाठवायची, पावती जपून ठेवायची.

जायच्या आधी हातात काय काय आहे ते बघ. टाके घातल्याचा कागद आहे का? तुझी स्वतःची एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठी जखमेची वैद्यकीय नोंद, झाली होती का? आपण रोज दुसऱ्यांच्या एमएलसी लिहितो आणि स्वतःला लागलं की कापूस लावून राउंडला उभ्या राहतो. झाली नसेल तर आजच सरकारी दवाखान्यात जाऊन कानाची तपासणी करून घे. जखम भरत आली असली तरी व्रण नोंदवतात. त्या रात्रीच्या ड्युटी चार्टचा फोटो काढून ठेव, सोबत कोण कोण होतं ते लिहून ठेव. आणि सगळ्यात घाईचं म्हणजे सीसीटीव्ही. त्यातलं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ‘अमुक तारखेचं रात्रीचं चित्रण जपून ठेवावे’ असा दोन ओळींचा अर्ज आजच दे, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घे. पोच देत नसतील तर ईमेल कर. नंतर कुणी ‘कॅमेरा बंद होता’ म्हणालं तर तो ईमेल कामी येतो.

मॅनेजरसाहेबांना एक गोष्ट बहुतेक ठाऊक नसावी. एकदा या कायद्याखाली गुन्हा नोंदला की तो ठाण्यात चहा पिऊन मिटत नाही. रद्द करायचा असेल तर सिव्हिल लाइन्सला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जावं लागतं. म्हणून तर नोंद व्हायच्या आत मिटवायची घाई असते. खरं म्हणजे ही तक्रार तू एकटीनं करायची नाहीच. हॉस्पिटलनं स्वतःच्या नावानं करायची असते. कोलकात्यात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार आणि तिचा खून झाला, त्या घटनेनंतर १६ ऑगस्ट २०२४ ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सरकारी संस्थांना पत्र काढलं, कर्मचाऱ्यावर हल्ला झाला तर सहा तासांच्या आत संस्थेच्या प्रमुखानं एफआयआर करायचा. तुझं हॉस्पिटल खासगी आहे, ते पत्र त्यांना दाखवून बांधता येणार नाही. पण मागायला तुला कुणाची परवानगी लागत नाही. लेखी माग. ‘संस्थेने तक्रार करावी, न केल्यास मी वैयक्तिक करीन.’

आता माझी गोष्ट सांगते. ती लपवून तुला धीर द्यायचा मला अधिकार नाही. १९९६ चा पावसाळा होता. स्त्रियांचा मेडिसिन वॉर्ड, खाटा चाळीस आणि पेशंट साठच्या वर, बाकीच्यांच्या गाद्या खाली फरशीवर. पहाटे एका बाईचा ऑक्सिजन संपत आला म्हणून मी सिलिंडर बदलत होते. नव्या सिलिंडरची चावी घट्ट बसली होती, फिरता फिरेना. बाईचा नवरा मागे उभा होता. त्याला एवढंच दिसलं असेल की बायको तडफडतेय आणि सिस्टर लोखंडाशी खटपट करत बसलीय. त्यानं सलाईनचा स्टँड उचलला. मी हात वर केला म्हणून डोकं वाचलं, डाव्या मनगटाचं हाड मोडलं. चावी शेवटी मावशीनं पदरात धरून फिरवली आणि ती बाई वाचली. सकाळी वरिष्ठांनी बोलावलं. तोच शब्द, ‘सिस्टर, मिटवून टाका ना.’ आणि मी नोंदवहीत माझ्याच अक्षरात लिहिलं, ‘ओल्या फरशीवर पाय घसरून पडल्याने.’ निळी शाई, खाली माझी सही.

अकरा महिन्यांनी त्याच वॉर्डात नुकत्याच लागलेल्या एका सिस्टरला भलत्याच एका माणसानं मारलं. चौकशी झाली. अहवालात लिहून आलं, ‘या वॉर्डात यापूर्वी असा प्रकार घडल्याची नोंद नाही.’ म्हणून रात्रीचा गार्डही मंजूर झाला नाही. ती नोंद नव्हती, कारण मी ती केली नव्हती. मनगट आता थंडीतच दुखतं. ते वाक्य बारा महिने टोचतं.

नोकरीचं मी तुला खोटं सांगणार नाही. कायदा तुला मारणाऱ्यापासून वाचवतो, मालकाच्या नाराजीपासून वाचवेलच असं नाही. त्यामुळे एकटी जाऊ नकोस. सोबतच्या चौघी-पाच जणींच्या सह्या घे, ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनची सभासद असशील तर त्यांना सांग. अनुभवाचा दाखला आणि पगाराच्या पावत्या आधीच काढून ठेव. बाबांना म्हणावं, नोकरी सोडायची का नाही ते नंतर बघू, आधी कागद होऊ द्या. आयसीयूत काम केलेल्या सिस्टरला नागपुरात दुसरं काम मिळतं. धंतोलीच्या एका गल्लीत किती दवाखाने आहेत ते तू मोजलेच असतील.

प्रश्न : माझं सक्करदऱ्याकडे वीस खाटांचं नर्सिंग होम आहे. तीन वर्षांत दोनदा काचा फुटल्या. दोन बाउन्सर ठेवावेत असं सहकारी डॉक्टर सुचवतात. तुमचं मत?

उत्तर : डॉक्टरसाहेब, दारावर एक शांत माणूस जरूर ठेवा. बाउन्सर नको. काळा टी-शर्ट बघून माणूस घाबरत नाही, तो फोन करून आणखी माणसं बोलावतो. नागपुरात अर्ध्या तासात चाळीस जण जमतात, हे तुम्ही दोनदा पाहिलंच असेल.

त्याच पगारात बोलणारी एक व्यक्ती ठेवा. गंभीर पेशंटच्या घरच्यांना दर दोन तासांनी, तब्येतीत फरक पडो न पडो, बसवून सांगायचं. उभ्या उभ्या कॉरिडॉरमध्ये नाही. घरातल्या एकाच माणसाला सांगायचं, काय सांगितलं ते केस पेपरवर मराठीत लिहून त्याची सही घ्यायची. बिल रोजच्या रोज हातात द्यायचं. काल रात्री ‘सुधारणा आहे’ आणि आज सकाळी माणूस गेल्यावर दीड लाखाचा कागद, यावर काचा फुटतात. आणि एक गोष्ट स्पष्टच लिहिते. बिलासाठी मृतदेह अडवायचा नाही. नर्सिंग होमच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तर ते नियमातही बसत नाही, आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणंही बंधनकारक आहे. तुमच्याकडे ती लावलेली आहे का, पत्रात तुम्ही काही म्हटलेलं नाही.

काचा फुटल्या तेव्हा दोन्ही वेळा तुम्ही एफआयआर केला का, तेही पत्रात नाही. केला नसेल तर आधी वरचं उत्तर वाचा. तुमच्याकडेही सिस्टर आहेत.

प्रश्न : मॅडम, मी भंडारा जिल्ह्यातला. धानाची शेती हाये. मागच्या पावसाळ्यात बाबाले रात्री झोपेत साप चावला. चावल्याचं कळलंच नाही, पोटात दुखते म्हणत होते. पहाटे डोळे मिटायले लागले तवा गावातल्या एका जाणत्याकडे नेलं, तिथं दोन घंटे गेले. मंग पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), तिथून भंडारा, तिथून नागपूर. नागपूरले नेलं का वाचते, असं सारेच म्हणत होते. तिथं एक डॉक्टर अन् एक पोरगा बाबाच्या छातीवर जोरजोरानं दाबून राहिले होते, मारल्यावाणी. मंग एक इंजेक्शन देलं अन् पाच मिनिटांत बाबा गेले. माह्या लहान भावानं काचेचं दार फोडलं, मॉनिटर खाली पाडला, एका लेडी डॉक्टरले ढकललं. त्याच्यावर केस झाली. तो पोलीस भरतीची तयारी करून राहिला होता. आमचं चुकलं, हे मले समजते. पण इंजेक्शननंच गेले असं आईले अजूनही वाटते. आता का करावं?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी चार दिवस टेबलावर ठेवलं होतं. वडील गेल्यावर आणि भावावर केस झाल्यावर ‘आमचं चुकलं’ असं लिहायला बळ लागतं.

आधी आईसाठी लिहिते, हे त्यांना वाचून दाखवा. रात्री खाली झोपलेल्या माणसाला चावतो, चावलेलं कळत नाही, खूण धड दिसत नाही, पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थांबतात, हे सगळं मण्याराच्या विषाचं वर्णन आहे. श्वास थांबला की थोड्या वेळात हृदय थांबतं. तुम्ही पाहिलंत ते छातीवर मारणं नव्हतं. थांबलेलं हृदय बाहेरून दाबून चालवायचा तो प्रयत्न असतो. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर तरी खाली जाईल इतक्या जोरानं दाबायची असते. बरगड्या मोडतात कधी कधी. हळू दाबलं तर उपयोगच नसतो. करणाऱ्याला दोन मिनिटांत घाम फुटतो, म्हणून दोघं आलटून पालटून करतात. त्या पोराचे हात दुसऱ्या दिवशी दुखले असतील.

आणि ते इंजेक्शन. हृदय थांबलेलं असताना जे औषध देतात ते बहुधा अ‍ॅड्रेनलिन असतं, हृदय परत चालू व्हावं म्हणून. ते शेवटी दिलं जातं, कारण तेव्हा हातात दुसरं काही उरलेलं नसतं. ‘सुई लावली अन् गेला’ हे वाक्य मी वॉर्डात इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते उच्चारणाऱ्याचा राग येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तसंच दिसतं. आधी सुई, मग मरण. तुमच्या बाबांना नेमकं काय दिलं हे मी पत्रावरून ठरवू शकत नाही, आणि तुम्हीही ठरवू नका. उपचाराचे कागद मागा. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत ते द्यावे लागतात असा डॉक्टरांच्या आचारसंहितेतच नियम आहे. ते घेऊन तुमच्या पीएचसीच्या डॉक्टरांकडे जा, आईला सोबत न्या, आणि एकेक ओळ वाचून घ्या. त्यात चूक निघाली तर त्या दवाखान्याच्या अधिष्ठात्यांकडे, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करायला तुम्ही मोकळे आहात. भावावरची केस त्याला आड येत नाही. पोलिसांत निष्काळजीपणाची तक्रार केलीत तर आधी स्वतंत्र तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्यावं लागतं, सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये तसं ठरवून दिलं आहे. त्याला वेळ लागतो, याची तयारी ठेवा.

एक गोष्ट मी माझ्या लोकांनाही सांगते. छाती दाबणं चालू असताना एक जण बाहेर यायला हवा होता. ‘तुमच्या वडिलांचं हृदय थांबलंय, आम्ही ते हातांनी चालवतोय, आशा कमी आहे.’ एवढं एक वाक्य. ते कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं. त्या वेळी आत माणसं किती होती, बाजूच्या ट्रॉल्यांवर कोण होतं, हे मला माहीत नाही. पण ते वाक्य आम्ही तुमचं देणं लागत होतो.

आता भावाचं. त्यालाही हे वाचू द्या. कॅज्युअल्टीतली काच फुटते तेव्हा काय होतं ते त्यानं पाहिलेलं नाही, कारण तोपर्यंत त्याला बाहेर नेलेलं असतं. बारीक काच ट्रॉलीच्या चाकात अडकते, चपलेतून पायात जाते. झाडूनं ती पूर्ण निघत नाही. मावशी गुडघ्यावर बसून ओल्या कापडानं टिपून टिपून काढते. ते होईपर्यंत त्या दारातून ट्रॉली आत घेता येत नाही. बाहेर कोण असतं? कुणी गडचिरोलीहून आलेलं असतं, कुणी बालाघाटहून, कुणी छिंदवाड्याहून, तुमच्यासारखंच तीन दवाखाने पालथे घालून. आणि पडलेला मॉनिटर म्हणजे पुढच्या पेशंटची नाडी हातानं मोजायची. मॉनिटर दुसऱ्या दिवशी नवा येत नाही. ज्या डॉक्टरला ढकललं, ती पडून उठल्यावर कुठे गेली असेल? घरी नाही. तोंड धुऊन त्याच खोलीत परत.

केसचं असं. २०१० च्याच कायद्याखाली ती असणार. शिक्षेशिवाय, फुटलेल्या यंत्राच्या खरेदी किमतीच्या दुप्पट रक्कम कोर्ट भरायला लावू शकतं, नाही भरली तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शेती आहे म्हणून मुद्दाम सांगते. वकील आजच करा. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, पात्र असाल तर वकील फुकट मिळतो. त्या डॉक्टरला गाठायला, फोन करायला, कुणाकरवी निरोप धाडायला जाऊ नका. तुमच्या मनात माफी असेल, तिला ती धमकी वाटेल, आणि कोर्टालाही. माफी मागायची ती वकिलामार्फत लेखी. त्यात ‘पण’ हा शब्द नको. भरतीचा फॉर्म भरताना केसची माहिती लपवू नका. लपवणं हेच पुढे नाव कापायला पुरतं.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. सर्पदंशानं गेलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. पोस्टमॉर्टेमचा अहवाल लागतो, सातबारा लागतो. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा, उशीर झाला असेल तर कारण लिहून अर्ज द्या. दुःखात आणि केसच्या धावपळीत हे कुणी सांगितलं नसेल असं वाटलं. आणि येत्या पावसाळ्यात घरात कुणीही खाली झोपू नका. खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, मण्यारासाठी एवढं पुष्कळ आहे. पोटदुखीनं रात्री कुणी उठलं तर सरळ पीएचसी. सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथे असतं, त्याला पैसे लागत नाहीत. गावातल्या त्या जाणत्यालाही हे सांगा, चिडून नको, पुढच्या माणसाला त्यानं थांबवून ठेवू नये म्हणून.

प्रश्न : आमची मुलगी नागपुरात इंटर्नशिप करते आहे. तिची रात्रीची ड्युटी असली की मी यवतमाळात जागी असते. कोलकात्यापासून तर डोळ्याला डोळा लागत नाही. तिला ‘सोडून ये’ म्हणावं असं सारखं वाटतं. ती हसण्यावारी नेते. मी काय करू?

उत्तर : ताई, तुमची भीती उगाचची नाही. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्यात जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ती मुलगी झोपली कुठे होती हे. लांबलेल्या ड्युटीत थोडा वेळ पडायला तिला सेमिनार हॉल शोधावा लागला. त्याआधी, मे २०२३ मध्ये केरळात कोट्टारक्कराला पोलिसांनीच ड्रेसिंगसाठी आणलेल्या माणसानं एका इंटर्न डॉक्टरला भोसकून मारलं. आपल्याकडे धुळ्याला २०१७ च्या मार्चमध्ये नातेवाइकांच्या मारहाणीत एका तरुण निवासी डॉक्टरच्या डोळ्याची दृष्टी गेली. दर वेळी संप झाला, दर वेळी आश्वासनं मिळाली. सुप्रीम कोर्टानं कोलकात्यानंतर राष्ट्रीय कृती दलही नेमलं. मी कागदावरच्या गोष्टींना कमी लेखत नाही. पण त्या खोलीला आतून कडी आहे का, हे दिल्लीहून कुणी बघायला येत नाही.

म्हणून ‘सोडून ये’ म्हणू नका. इतकं शिकून ती मधेच घरी आली तर तिच्या जागी दुसऱ्या कुणाची तरी मुलगी उभी राहील. तिला सरळ चार गोष्टी विचारा. रात्री पडायला मुलींची वेगळी खोली आहे का, तिला आतून कडी लागते का, संडास त्याच मजल्यावर आहे का, आणि होस्टेलपर्यंतच्या रस्त्यावर दिवे लागतात का. नागपूरचे जुने कॅम्पस अवाढव्य आहेत, पहाटे वॉर्डातून होस्टेलवर जायला पंधरा मिनिटं अंधारातून चालावं लागलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. हे विचारलंत की ती हसणार नाही. तिला उत्तरं माहीत आहेत, आजवर कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

जिथे उत्तर ‘नाही’ येईल तिथे पालक म्हणून अधिष्ठात्यांना पत्र लिहा. मुलीचं नाव घालू नका, तिच्या बॅचच्या आणखी पाच-सहा पालकांच्या सह्या घ्या. मागणी एकच ठेवा, त्या कडीची किंवा त्या दिव्याची. दहा मागण्यांचं पत्र फायलीत जातं, एका कडीसाठी सुतार येतो. पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. पंधरा दिवसांत काय झालं ते मला कळवा. पुढच्या अंकाची पत्रं मी महिनाअखेरीस बघायला घेते.